तपासणाऱ्याची सही

गुरुवारच्या पुरवणीत ‘चोवीस चित्रे’ असे छापून आले. शुक्रवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी मी ती मोजली, तेव्हा भिंतीवर तेवीस होती.

चूक माझ्या सदरात होती. पिंपरी-चिंचवड आणि चाकण भागात त्या आठवड्यात कोणती चित्रप्रदर्शने पाहता येतील, याची यादी मी काही वर्षे देत आले आहे. प्रदर्शन कुठे, कशाचे, किती वाजेपर्यंत, प्रवेशाला काही पडते का, एवढेच त्यात असते. मत द्यायचे नाही, हा नियम माझ्या आधी सदर सांभाळणाऱ्याने घातला होता. माहिती फोनवर घ्यायची आणि प्रदर्शन सुरू झाल्यावर जाऊन पडताळायची, ही पद्धतही त्याचीच. पडताळणी छापून आल्यानंतर होते, हा या पद्धतीतला दोष आहे. तो सगळ्यांना माहीत आहे.

त्या आठवड्यात यादीत चार नोंदी होत्या. थेरगावात डांगे चौकाच्या मागच्या गल्लीत, एका शाळेच्या दोन वर्गांत गोधड्यांचे प्रदर्शन होते. तिथल्या एका गोधडीत कंपनीच्या निळ्या युनिफॉर्मचे तुकडे होते आणि एका तुकड्यावर खिसा तसाच शिल्लक होता. लहान मुले त्यात हात घालून पाहत होती आणि शिवणाऱ्या बाई त्यांना घालू देत होत्या. संत तुकाराम नगरात एका चित्रकला वर्गाच्या मुलांची जलरंगातली चित्रे मंडळाच्या हॉलमध्ये खुर्च्यांवर उभी करून ठेवली होती, कारण भिंतीला खिळे मारायची परवानगी नव्हती. मोशीत एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये इंद्रायणीकाठच्या पक्ष्यांचे फोटो होते. तिथे गेटवर नाव, फ्लॅट नंबर आणि कारण लिहावे लागे. कारणाच्या रकान्यात बहुतेकांनी ‘बगळा’ असे लिहिले होते.

चौथी नोंद पेन्सिल चित्रांची होती. जागा शहरातल्या एका नाट्यगृहाच्या पहिल्या मजल्यावरचे लहान दालन, मुदत शुक्रवार ते रविवार, वेळ सकाळी अकरा ते सायंकाळी सात, प्रवेश विनामूल्य. चित्रकार चाकणजवळच्या एका गावचे. वय साठ. एका कारखान्याच्या तपासणी विभागातून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. विषय त्यांचे गाव, कंपन्या येण्याआधीचे.

मंगळवारी मी त्यांना फोन केला होता. चित्रे किती, असे विचारले. ते म्हणाले, “चोवीस.”

“नक्की ना?”

“मोजमापातच जन्म गेला मॅडम. चोवीस.”

शुक्रवारी मी डावीकडून उजवीकडे मोजली, मग उजवीकडून डावीकडे. ते टेबलाशी बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेने आणि एक सहा इंची स्टीलची पट्टी. शेजारी त्यांच्या पत्नी थर्मासमधला चहा कागदी कपांत ओतत होत्या.

“तुम्ही चोवीस म्हणाला होतात,” मी म्हटले.

“चोवीसच हायेत.”

“भिंतीवर तेवीस आहेत.”

“भिंतीवर तेवीस. एक होल्डवर हाय.”

त्यांनी टेबलाखाली बोट दाखवले. तिथे एक चौकट भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिच्या मागच्या कडीला सुतळीने पिवळी चिठ्ठी बांधली होती आणि चिठ्ठीवर बॉलपेनने ‘होल्ड’ लिहिले होते.

कारखान्यात तयार झालेला एखादा नग तपासणीत अडकला की त्याला पिवळी चिठ्ठी बांधून बाजूला ठेवतात. निर्णय होईपर्यंत तो गेटबाहेर जात नाही. कागदावर मात्र लॉटचा आकडा पुरा लिहितात, अडकलेला नग धरून. त्यांनी नोकरीतली सगळी वर्षे तसेच लिहिले होते. दालनाच्या अर्जावरही चोवीस लिहिले होते, आणि मला फोनवरही तेच सांगितले.

चित्रे वहीच्या दुप्पट आकाराच्या जाड कागदावर होती. प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात, कारखान्यातल्या ड्रॉइंगवर असते तशी, पट्टीने आखलेली लहान चौकट होती. तिच्यात दोन ओळी होत्या: ‘काढणार’ आणि ‘तपासणार’. पहिल्या ओळीत सगळीकडे त्यांची सही होती. दुसऱ्या ओळीत प्रत्येक चित्राला वेगळी. तेवीसपैकी दोन ठिकाणी सहीऐवजी अंगठा होता.

“जो काम करतो त्यानंच ओके म्हणायचं न्हाई,” ते म्हणाले. “आमच्यात पहिल्या दिवशी हेच शिकवतात. माणूस आपलं काम तपासाय बसला की त्याला समदं बरूबरच दिसतं.”

त्यांनी चित्र काढायचे आणि ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून गावातल्या अशा माणसाकडे न्यायचे, ज्याने ती जागा स्वतः पाहिली आहे. तो म्हणेल तसे खोडायचे, पुन्हा काढायचे, पुन्हा न्यायचे. आठव्या चित्रात शाळा होती. वर्गमित्राने सांगितले, घंटा म्हणून जो टांगला होता तो रुळाचा तुकडा नव्हता, ट्रॅक्टरच्या नांगराचा फाळ होता. फाळ काढल्यावर त्याने सही केली. चौदाव्या चित्रात न्हाव्याची बैठक होती. तिथल्या आरशाला तडा कुठून कुठे गेला होता यावर दोन म्हाताऱ्यांचे एकमत झाले नाही, म्हणून त्या चित्रावर तपासणाऱ्याच्या दोन सह्या होत्या आणि आरशावर तडे दोन.

साडेबाराच्या सुमारास त्यांच्या कारखान्यातले तिघे जण आले. पहिली शिफ्ट टाळून की सुट्टी घेऊन, ते मी विचारले नाही. कंपनीचे ओळखपत्र एकाच्या गळ्यात अजून होते.

“काय साहेब,” तो म्हणाला, “आयुष्यभर आमचे पार्ट रिजेक्ट केले. आज आमचा नंबर.” त्याने खिशातून टेप काढली आणि पहिल्या चौकटीचे दोन्ही बाजूंचे अंतर खरोखर मोजले.

“दोन एम.एम. वाकडी हाय राव.”

“भिंत वाकडी हाय,” चित्रकार म्हणाले.

“हां. तवा आमी पण हेच म्हणायचो, मशीन वाकडं हाय. तुमी ऐकलं का कधी?”

तिघे हसले, तेही हसले. मग उठून त्यांनी चौकट सरळ केली. तिघांपैकी जो सगळ्यात कमी बोलत होता, तो न्हाव्याच्या बैठकीसमोर बराच वेळ उभा राहिला. तो नांदेडकडचा होता. त्यांच्या गावचा न्हावीही असाच झाडाखाली बसतो, एवढे म्हणून तो पुढच्या चित्राकडे गेला.

ते गेल्यावर मी होल्डवरच्या चित्राबद्दल विचारले. चित्रकारांनी चौकट उलटी करून दाखवली. चित्र विहिरीचे होते, पण तळातून वर पाहिलेले. कडेने दगडी पायऱ्या वर जात होत्या, मधोमध गोल आभाळ होते. कठड्यावरून एक माणूस वाकून रहाटाचा दोर धरून होता. त्याच्या डोक्याला फडके होते आणि ओठांवर मिशी. ते त्यांचे वडील. विहीर त्यांची स्वतःची, त्यांच्याच रानातली. आता त्या जागी एका गोदामाचा फरशीचा ओटा आहे.

“मी नऊ वर्सांचा. उन्हाळ्यात गाळ काढाय उतरलो हुतो. त्या दिशी गडी आले न्हाईत. खाली आमी दोघंच, माजा थोरला भाऊ दादा आन मी. दादानं मला पाठीवर बांधून उतरवला.”

“मग तपासणार कोण?”

“दादा,” ते म्हणाले. “दुसरं हायच कोण?” आणि चौकट पुन्हा भिंतीकडे वळवून ठेवली.

पुढचे त्यांच्या पत्नीने सांगितले, ते खाली चहाचे कप टाकायला गेले तेव्हा.

“ते सांगणार न्हाईत, मी सांगते ताई. थोरले दीर मोशीत ऱ्हातात, ल्योकाकडं. जमीन गेली तवा घरटी एक नोकरी हुती. थोरले म्हणाले, वरीसभर थांबू, पोराचं आयटीआय व्हऊ दे, पोराला लावू. ह्यांचं आयटीआय आधीच झालेलं. ह्यांनी कुणाला न इचारता अर्ज टाकला. ह्यांचं नाव लागलं.” त्यांनी थर्मासचे झाकण घट्ट बसवले. “तवापासून बोलणं न्हाई. लग्नाला येतात, मयताला येतात. जेवतात, जातात. ह्यांच्याकडं बघत न्हाईत. पोरगं चांगलं हाय, शाळेची व्हॅन चालवतं. मला बोलतं, काकी म्हणतं.”

“त्यांना प्रदर्शनाचं कळवलंय?”

“पत्रिका दिली पोराच्या हातात. तेवीस चित्रं घिऊन हे स्वतः लोकांकडं गेले ताई. थोरल्यांच्या दारात जाववलं न्हाई. चार डाव मोशीच्या बसमधी बसले. दोनदा पुढच्या स्टॉपवरनं माघारी आले, दोनदा मोशीतनं.”

चित्रकार परत आले. मी त्यांना सांगितले, आकडा चुकीचा छापला आहे, शनिवारच्या अंकात दुरुस्ती द्यावी लागेल आणि दुरुस्तीत कारण लिहावे लागते.

“लिवा की,” ते म्हणाले. “तपासणी बाकी हाय म्हणून लिवा. खरं हाय ते.”

त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “ताई, कशाचं चित्र ते पण लिवा. विहीर म्हणून लिवा.”

ते पत्नीकडे बघत राहिले. त्यांनी नाही म्हटले नाही.

शनिवारी दुसऱ्या पानावर खाली डावीकडे पाच ओळी आल्या. ‘गुरुवारच्या पुरवणीत पेन्सिल चित्रांच्या प्रदर्शनात चोवीस चित्रे असल्याचे म्हटले होते. प्रत्यक्षात तेवीस चित्रे लावलेली आहेत. विहिरीचे चोविसावे चित्र तपासणी न झाल्याने चित्रकाराने लावलेले नाही. प्रदर्शन रविवारी सायंकाळी सातपर्यंत.’ डेस्कवरच्या सहकाऱ्याने विचारले होते, चित्राची तपासणी म्हणजे काय, ते वाक्य काढू का. मी म्हटले, ठेव.

रविवारी मी पुन्हा गेले. दुरुस्ती दिल्यावर ती पडताळायला जायचे, असा काही नियम नाही. मी पोचले तेव्हा चार वाजले होते. गर्दी बरी होती, कारण खाली बालनाट्याचा प्रयोग होता आणि तो सुरू होण्याआधी पालक मुलांना घेऊन वर येत होते. तेवीस चित्रे होती. चोविसाव्या जागी खिळा मारलेला होता आणि खाली क्रमांकाची चिठ्ठीही चिकटवलेली होती. चित्रकार त्या खिळ्याकडे पाठ करून बसले होते.

“आज शेवटचा दिवस,” मी म्हटले. “तसंच लावलं तर?”

“न्हाई.”

“लोकांना काय कळणार आहे?”

“लोकांसाठी न्हाई ते.”

पाच वाजायला पाच-सात मिनिटे असताना एक म्हातारे गृहस्थ जिना चढून आले. धोतर, सदरा, डोक्याला टोपी, पायात मुलाचे असावेत असे बूट. सोबत तिशीतली सून होती. तिच्या हातात शनिवारच्या अंकाची घडी होती. ते दारात थांबले, दम घेतला, आणि कोणाकडे न बघता पहिल्या चित्राशी गेले. चित्रकार उभे राहिले. त्यांच्या पत्नीने पदर डोक्यावर घेतला.

थोरल्या भावांनी तेवीस चित्रे क्रमाने पाहिली. नजर कमी असल्याने नाक काचेला लागेपर्यंत ते जवळ जात. प्रत्येक चित्राची कोपऱ्यातली चौकट सून वाचून दाखवी आणि ते मान हलवत. आरशाच्या दोन तड्यांशी ते थांबले.

“हे काय?”

“एकमत झालं न्हाई दादा,” चित्रकार म्हणाले. घरच्यांच्या सांगण्यावरून, बावीस वर्षांत त्यांनी भावाला उद्देशून बोललेले हे पहिले वाक्य.

“उजवीकडचा खरा,” थोरले म्हणाले. “दुसरं म्हातारं काय बी सांगतं.” आणि पुढे गेले.

मोकळ्या खिळ्यापाशी येऊन ते म्हणाले, “आन विहीर?”

चौकट टेबलावर आडवी ठेवली गेली. त्यांना खुर्ची दिली. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, वाकले आणि बोटाने काचेवरून पायऱ्या मोजल्या.

“पायऱ्या बरूबर. सातवी तुटकी हुती, ती बी काढलीस.” बोट वर सरकले. “हे कोन?”

“आबा.”

“आबा नव्हते.”

चित्रकार काचेवर वाकले.

“आबा त्या दिशी चाकणला गेल्ते, बैलाचं औषध आणाय. पाट्या आईनं वढल्या, सकाळधरनं दुपारपातुर. सांजंला तिचे हात सुजले, भाकऱ्या तुज्या वहिनीनं थापल्या. नवी नवी हुती ती. निम्म्या करपल्या.”

“मला डोक्याला फडकं दिसतंय, दादा. पक्कं आठवतंय मला.”

“व्हय की. ऊन लागतंय म्हणून तिनं आबांचा पंचा गुंडाळला हुता. फडकं खरं हाय. मिशी तुजी.”

सून तोंडावर हात ठेवून हसली. चित्रकारांनी खिशातून पेचकस काढला. चौकटीच्या मागचे चार स्क्रू काढून कागद बाहेर घेतला. टेबलावरचे कप त्यांच्या पत्नीने बाजूला केले. त्यांनी मिशी खोडली. खोडलेल्या जागी कागद थोडा काळवंडला, तो त्यांनी खोडरबराच्या कोपऱ्याने हळूहळू पांढरा केला. मग चेहरा काढायला घेतला. बालनाट्याच्या मध्यंतरात वर आलेले पालक घंटा झाल्यावर मुलांना घेऊन खाली गेले. थोरले भाऊ खुर्चीवर बसून बघत होते.

“हनुवटी बारीक हुती तिची.”

“हां.”

“हातात बांगड्या काढ. हिरव्या.”

“पेन्सिल हाय दादा.”

“मग रंग ऱ्हाऊ दे. बांगड्या काढ.”

सहा वाजून दहा मिनिटांनी चित्रकारांनी पेन्सिल खाली ठेवली. कागद भावापुढे सरकवला. थोरल्यांनी तो उचलून खिडकीच्या उजेडात नेला, बराच वेळ धरला, आणि परत आणून टेबलावर ठेवला. कोपऱ्यातल्या चौकटीवर बोट ठेवून ते म्हणाले, “हे सही-बिही कंपनीतलं व्हय?”

“व्हय. जो करतो त्यानं तपासायचं न्हाई.”

“आन अर्ज टाकलास तवा? त्यो कुनी तपासला हुता?”

दालनात तेव्हा आम्ही सहा जण होतो, दारातला पहारेकरी धरून. चित्रकार उभेच होते. त्यांचा एक हात टेबलाच्या कडेवर होता.

“कुनी न्हाई,” ते म्हणाले.

“मला दावायचा हुतास.”

“व्हय. दावायचा हुता.”

थोरल्यांनी मान हलवली, चित्रे पाहताना हलवत होते तशीच. मग सुनेकडे बघून म्हणाले, “पेन दे.”

चित्रकारांनी खिशातले पेन पुढे केले. थोरल्यांनी ते घेतले. सुनेने चौकटीतल्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवले. त्यांनी पूर्ण नाव लिहिले, वडिलांच्या नावासकट. ते ओळीत मावले नाही. आडनाव चौकटीबाहेर गेले.

“तारीख टाकू का?”

“टाकायची.”

सुनेने तारीख सांगितली, त्यांनी टाकली. कागद पुन्हा चौकटीत बसवला गेला, चार स्क्रू आवळले गेले. चित्रकारांच्या पत्नीने पिवळ्या चिठ्ठीची सुतळी सोडली आणि चिठ्ठी पर्समध्ये टाकली. सहा वाजून पस्तीस मिनिटांनी चोविसावे चित्र खिळ्यावर लागले. चित्रकार पट्टी काढून ते सरळ आहे का बघू लागले, तेव्हा थोरले म्हणाले, “ऱ्हाऊ दे धाकल्या, सरळ हाय.” त्यांनी पट्टी खिशात ठेवली.

त्यानंतर नाटक सुटले आणि पंधरा-वीस माणसे वर आली. एका मुलीने विहिरीच्या चित्राखाली उभे राहून आईला विचारले, ही बाई पडेल का. आईने वाचून सांगितले, नाही, तपासलंय.

दालनाची वेळ सातपर्यंतची आहे. दोघे भाऊ तेव्हा चोविसाव्या चित्रासमोरच्या दोन खुर्च्यांवर बसले होते आणि थर्मासमध्ये उरलेला चहा घेत होते. पहारेकऱ्याने त्या दिवशी दिवे सात वाजून अठरा मिनिटांनी बंद केले.